चार लिटरची गाडी

टप्.

घर झोपेत होतं. नवरा भिंतीकडे तोंड करून, मुंगी आईच्या पोटावर पाय टाकून, आणि आई डोळे मिटून, पण टक्क जागी. कालचा राग अजून अंगातून उतरला नव्हता. त्या शांततेत स्वयंपाकघरातून हा एवढासा आवाज आला. दुधाच्या पावडरीच्या डब्याचं पत्र्याचं झाकण चमच्याच्या दांड्यानं उचकटलं की असाच येतो. पाठोपाठ मागच्या दाराची कडी वाजली आणि अंगणात चपलांची फरपट ऐकू आली.

सासरे उठले, तिच्या मनात आलं. नातीच्या दुधाची तयारी करून फिरायला निघाले असतील. काल एवढं तोंडसुख घेतलं आणि आज उजाडायच्या आत दुधाचा डबा! अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

पण तिला ते जमत होतं. मुंगीचा पाय अलगद बाजूला करून ती उठली, तोवर कालचं सगळं पुन्हा डोक्यात चढलं होतं.

राग होता गाडीवरून. गाडी तिची होती. कागदावर नवऱ्याचंही नाव होतं, पण नवरा छापखान्यात कामाला. चाकांशी त्याचा संबंध छपाईयंत्राच्या चाकांपुरता. डोंगरातल्या वस्त्यांवर आरोग्य केंद्राची सिस्टर आणि तिची लशींची पेटी पोचवायची, हे काम आधी सासऱ्यांचं. रस्ता म्हणायचा म्हणून रस्ता. आधी ओढ्याचं पात्र, मग दगडगोटे, मग असा चढ की समोरच्या काचेत नुसतं आभाळ दिसावं. सासऱ्यांनी त्या चढावर उभा जन्म घालवला होता. गावातली ड्रायव्हर पोरं त्यांना 'उस्ताद' म्हणत आणि गाडीचा कसलाही आवाज आला की आधी त्यांच्याकडे पळत येत. मग उस्तादांचे गुडघे आणि त्यांची जुनी धूड गाडी, दोघांनी जणू ठरवून एकदमच राजीनामा दिला. काम हातचं जाणार म्हणून घर चिडीचूप झालं, तेव्हा ही सून म्हणाली होती, "मी चालवते."

ही नवी गाडी तिनंच शोधली. आटोपशीर, हलकी, चारी चाकांना जोर असलेली. पहिल्यांदा इंजिन ऑइल बदललं त्या दिवशी सासरे मोठ्या हौसेनं गॅरेजमध्ये आले होते. मिस्त्रीनं चार लिटर ऑइल ओतलं आणि झाकण फिरवून बंद केलं.

"बस?" सासरे म्हणाले.

"बस, उस्ताद. चारच बसतं हिला."

"अरे, माझी आठ लिटर प्यायची! ही गाडी आहे का शिलाई मशीन?"

गॅरेजमध्ये जो तो हसला. तीही हसली. पण त्या दिवसापासून गाडीचं नाव पडलं ते पडलंच. 'चार लिटरची गाडी.' आली का गं तुझी चार लिटरची? धुतलीस का चार लिटरची? सासऱ्यांचं गणित सरळ होतं. जिच्या पोटात जास्त ऑइल मावतं, ते इंजिन दमदार. जिच्यात कमी, ती दोन चढांची पाहुणी.

हे सगळं तिनं हसण्यावारी नेलं असतं. पण गेले काही आठवडे गाडी खरंच दगा द्यायला लागली होती. वरच्या चढावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. एकदा तर इंजिन मध्येच बंद पडलं आणि सिस्टरला पेटी खांद्यावर घेऊन उरलेली वाट पायी तुडवावी लागली. तिनं मिस्त्रीला फोन केला होता.

"ऑइल बघितलंत का?" त्यानं विचारलं.

"सासरे रोज सकाळी बघतात."

"मग प्रश्नच मिटला. उस्तादांची नजर आहे म्हणजे ऑइलचं नाही ते. वायरिंगचं असेल. सवडीनं घेऊन या."

सवड कुठून आणायची? आणि काल दिवा पुन्हा लागला होता. केंद्राच्या डॉक्टरांनी तिला आत बोलावून शांतपणे सांगितलं होतं, "बाई, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण लस बर्फात असते, बर्फ कुणासाठी थांबत नाही. आता पुन्हा गाडी अडली तर मला दुसरी बघावी लागेल."

ते ऐकून ती घरी आली, तर जेवताना सासऱ्यांनी सुरू केलं. "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. एवढ्याशा ऑइलवर डोंगर चढतात होय? विकून टाक. आहे तोवर कुणीतरी घेईल."

"दादा, ऑइल कमी मावतं म्हणून इंजिन वाईट नसतं. इंजिन जेवढं, तेवढं त्याचं पोट."

"पोटाचं मला शिकवू नकोस."

"मी शिकवत नाही, सांगतेय."

"ड्रायव्हरीणबाई सांगतायत! ऐका हो सगळे!"

सासूबाई 'अहो, जेवा आता' म्हणाल्या. नवरा म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे," आणि पुढची पोळी मागितली. दोन्हीकडून जळजळीत नजरा आल्या, तसा तो पाणी प्यायला लागला.

तर असा तो राग. तो घेऊनच आज तिनं मुंगीची वेणी घातली. जरा ओढूनच घातली असणार, कारण मुंगी कळवळली. तिनं पटकन त्या एवढ्याशा डोक्याचा मुका घेतला.

मुंगी पाच वर्षांची. मुंगीएवढं खाते म्हणून मुंगी. तेवढं खाऊन दिवसभर उड्या मारते, झाडावर चढते, पण घरात कुणाचं समाधान नाही. आईनं तिच्या पेल्यात दूध ओतलं आणि ती डबा भरायला वळली. तेवढ्यात सासरे बाहेरून आले, फडक्याला हात पुसले आणि पातेल्यातलं उरलेलं दूध पेल्यात काठोकाठ ओतलं.

"दादा, तिला एवढं जात नाही."

"जातं. घालायचं असतं, मग जातं. बघ जरा, मनगट बघ पोरीचं!"

मुंगीनं दोन्ही हातांनी पेला उचलला, आजोबांकडे बघत प्यायली, आणि शेवटच्या घोटाला तिचे डोळे पाण्यानं भरले. आईनं रिकामा पेला उचलून मोरीत ठेवला. सकाळी सकाळी एकाच माणसाशी दोन भांडणं नकोत, एवढाच विचार तिनं केला.

बालवाडीच्या वाटेवर मुंगी पुढच्या सीटवर पाय हलवत बसली होती.

"आई, गाडीला दूध आवडतं?"

"गाडी पेट्रोल पिते, राणी."

"नाही, दूध पण पिते. आजोबा पाजतात. डब्यातून. मी खिडकीतून बघितलंय."

"हो का? मग सांग तिला, पोट भरलं की पुरे म्हणायचं. तुझ्यासारखं डोळ्यांत पाणी येईपर्यंत प्यायचं नाही."

मुंगी खिदळली. पुढे वाकून गाडीला म्हणाली, "पुरे म्हण हं!" बालवाडीच्या दारात उतरताना तिनं बॉनेटवर हात फिरवला आणि आत पळाली.

सिस्टर केंद्राच्या पायरीवर पेटी घेऊन उभीच होती. जाड भिंगांचा चष्मा, पायात पोरांचे असतात तसे कॅनव्हासचे बूट.

"काय म्हणतेय आपली राणी?" सिस्टरनं गाडीकडे बोट दाखवलं.

"आज म्हणून दाखवू दे काही, दरीत लोटते."

"मला उतरवून लोट."

ओढ्याचं पात्र बिनबोभाट ओलांडलं. दगडगोट्यांवरून गाडी ठुमकत गेली. मग चढ लागला. तिनं खालचा गिअर टाकला, काचेत आभाळ आलं, आणि पहिल्या वळणानंतर लाल दिवा लुकलुकला. दुसऱ्या वळणावर लागला तो विझेचना. इंजिनातून बारीक टकटक ऐकू यायला लागली, बंद दाराआड कुणी घाईघाईनं कडी वाजवावी तशी. तिनं तत्काळ इंजिन बंद केलं. 

 सिस्टरनं पेटीवर दोन्ही हात ठेवले. 

"धरून बसा," ती म्हणाली, आणि ब्रेक अंगठ्यानं दाबल्यासारखा जपत जपत गाडी उलटी खाली आणली. वळणापाशी सपाट कातळ होता, त्यावर तिनं ती उभी केली. मग खाली उतरली आणि दार असं आपटलं की समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले.

"विकूनच टाकते," ती म्हणाली. "त्यांचंच खरं झालं. उस्तादांचं! आता बसतील गावभर सांगत."

"आधी बघ तरी काय झालंय ते," सिस्टर म्हणाली. "पेशंट न बघताच मेला म्हणतेस?"

तिनं बॉनेट उघडलं. जरा वेळ जाऊ दिला, मग ऑइल मोजायची पट्टी उपसली, पुसली, परत घातली आणि पुन्हा उपसली. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोहोंच्या मध्ये असावं, वरच्या खुणेला टेकलं तर उत्तम. इथं वरची खूण बुडून, तिच्याही वर बोटभर पट्टी माखलेली होती. आणि ते ऑइल ऑइलासारखं दिसतच नव्हतं. दुधाळ, फेसाळ, बारीक बारीक बुडबुड्यांनी भरलेलं.

ती बघत राहिली. एवढं ऑइल? आलं कुठून? गाडी ऑइल खाते, वाढवत नाही.

आणि मग एकदम सगळं ऐकू आलं. टप्. मागच्या दाराची कडी. चपलांची फरपट. 'आजोबा पाजतात. डब्यातून.'

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते तिला त्या कातळावर कळलं. ती आधी हसली. सिस्टर दचकली, कारण ते हसू बघण्यासारखं नव्हतं.

"सासऱ्यांनी," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यांनी, सिस्टर! रोज सकाळी उठून, कुणाला पत्ता न लागू देता, गाडीला वरून ऑइल पाजलंय. दुधाच्या रिकाम्या डब्यातून. आणि रात्री मलाच म्हणतात, तुझी गाडी चढत नाही!"

"जास्त ऑइल वाईट असतं?"

"खाली चेंबरमध्ये ऑइल, त्याच्या वर क्रँकचा दांडा फिरतो. जास्त भरलं की तो ऑइलात बुडून फिरतो. घुसळतो. फेस होतो नुसता. मग पंप ऑइल ओढायला जातो आणि त्याच्या तोंडात येतो फेस. फेसानं कुठं इंजिन भिजतंय?" बोलता बोलता तिनं सीटखालची पान्यांची पिशवी ओढून काढली होती. "तुमचं हात धुवायचं घमेलं द्या."

"ते माझं—"

"धुऊन देते. द्या!"

ती गाडीखाली सरपटत गेली. चेंबरचा नट हातभर अंतरावर, आणि त्यामागे सगळं तापलेलं. नट सैल झाला तशी ऑइलची धार आधी घमेल्यात आणि मग तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली. तिच्या तोंडून एक शिवी निघाली, जी बालवाडीतल्या मुलीच्या आईनं काढू नये. बाहेरून सिस्टर म्हणाली, "भाजलं का?" आतून आवाज आला, "भाजू दे!"

घमेलं भरत आलं तसा तिनं नट आवळला. वर येऊन पट्टी बघितली, पुन्हा खाली गेली, पुन्हा थोडं सोडलं. ऑइल वरच्या खुणेला येऊन टेकलं तेव्हा ती थांबली. घमेल्यातलं ऑइल तिनं पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या कॅनमध्ये ओतलं. ते ओतताना कळलं, घट्ट काळसर काही त्यात मिसळलंय. जुन्या धूड गाडीचं उरलेलं ऑइल. हिला चालणारं सुद्धा नव्हतं ते.

सिस्टरनं तिच्या मनगटावर मलम लावलं. वरून कापडी पट्टी बांधली.

"आता बसूया थोडं," ती सिस्टरला म्हणाली. "फेस बसू दे."

"बर्फ?"

"बसल्याशिवाय नेली तर गाडीही जाईल आणि बर्फही."

दोघी कातळावर बसल्या. सिस्टरनं पेटीवर आपली ओढणी टाकून सावली केली. फेस बसल्यावर सुनेनं इंजिन चालू केलं, कान देऊन ऐकलं. टकटक नव्हती. चढ आला, आभाळ आलं, पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. लाल दिवा विझलेला तो विझलेलाच राहिला. चार लिटरच्या गाडीनं सिस्टरला आणि तिच्या पेटीला वरच्या वस्तीच्या पारापर्यंत नेऊन सोडलं. पेटी उघडून सिस्टरनं आत बोट घातलं आणि म्हणाली, "आहे बर्फ." एवढंच. पण उतरताना तिनं गाडीच्या दारावर थाप मारली.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण रागानं त्याला आत पाऊल टाकू दिलं नाही. परतीच्या वाटेवर ती मनातल्या मनात एकेक वाक्य घासूनपुसून ठेवत होती.

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. अंगणाला उतार आहे. फाटकातून वर चढून गाडी घराकडे तोंड करून उभी राहते, नाक वर, शेपूट खाली. तिनं ती रोजच्यासारखी उभी केली आणि कॅन हातात घेऊन आत गेली. सासरे टेबलाशी बसून मुंगीला घास भरवत होते. तिनं तो कॅन त्यांच्या ताटाशेजारी आदळला.

"हे तुमचं. परत आणलंय."

सासऱ्यांनी कॅनकडे बघितलं. मग तिच्या पट्टी बांधलेल्या मनगटाकडे. "भाजलं?"

"ते सोडा. गाडीला रोज काय पाजत होतात?"

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नवरा नुकताच आला होता, एका पायात बूट तसाच ठेवून थांबला.

"कमी दिसायचं म्हणून घोटभर घालायचो," सासरे म्हणाले. आवाज आधी साधा होता. "पट्टी रोज खालच्या खुणेच्या खाली. रोज! तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, दादा हात लावू नका. मग म्हटलं गुपचूप घालावं. पोरीला घेऊन फिरतेस त्या गाडीत."

"आणि ती घुसमटत होती! ऐकू येत होतं का तुम्हाला? इंजिन घुसमटत होतं! आज काम गेलं असतं. आणि काल याच टेबलावर मला काय म्हणालात? एवढ्याशा ऑइलवर डोंगर चढतात होय? तुम्ही स्वतः हातानं बिघडवायची आणि वर मलाच—"

"मी बिघडवली?" आता सासरे उठले. खुर्ची मागे कलंडली. "मी? या गावात इंजिन म्हणजे काय हे पोरं माझ्याकडून शिकली. चढाला ऑइल मागे पळतं, हे तुला ठाऊक आहे? चार लिटरातलं निम्मं मागे गेलं की पंप काय चाटणार? जास्त असलं की आधार असतो!"

"मागे पळतं, खरं आहे! म्हणून तर चेंबरचा आकार तसा केलेला असतो. बनवणाऱ्यानं चढाचा विचार केला नसेल? मोठ्या पोटाचं ऑइल सावकाश तापतं, सावकाश मळतं, हे सगळं मान्य. पण म्हणून लहान पोटात कोंबायचं? तुम्हाला सगळ्यांची पोटं लहानच दिसतात! गाडीचं लहान, मुंगीचं लहान! डोळ्यांत पाणी येईतो घालायचं आणि म्हणायचं माया आहे!"

मुंगीनं तोंडातला घास तसाच धरला होता. गाल फुगलेला.

"पट्टी खोटं बोलत नाही," सासरे म्हणाले. "चल. चल बाहेर! तुझ्यासमोर बघतो."

ते पुढे, ती मागे, सगळं घर मागोमाग. अंगणात सासऱ्यांनी बॉनेट उघडलं, कमरेचं फडकं काढलं, पट्टी पुसली, घातली, उपसली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "बघ! तू काढून टाकलंस आणि आता बघ! कोरडी पडलीय गाडी!"

ती त्या पट्टीकडे बघत राहिली. कातळावर वरच्या खुणेला टेकलेलं ऑइल इथं एवढं खाली कसं? तिनं गाडीच्या वर उचललेल्या नाकाकडे बघितलं. मग अंगणाच्या उताराकडे. आणि तिला कळलं. ऑइल सगळं मागे सरकलेलं, पट्टी मात्र पुढच्या टोकाला. जुन्या धूडाचं पोट खोल आणि पट्टी मधोमध; उतार असला काय, नसला काय, तिला फरक पडत नसेल. म्हातारा रोज उतारावर उभं राहून मोजत होता.

तिथंच थांबता आलं असतं. 'दादा, उताराचं आहे हो ते,' एवढं हळूच म्हणता आलं असतं. पण मनगट ठणकत होतं आणि घासूनपुसून ठेवलेली वाक्यं अजून शिल्लक होती.

"थांबा," ती म्हणाली. गाडीत बसली, हँडब्रेक सोडला आणि गाडी फाटकातून थेट गल्लीतल्या सपाट रस्त्यावर आणली. समोरचा शिंपी कात्री हातात घेऊन दुकानातून बाहेर आला. कोपऱ्यावरच्या टॅक्सीवाल्या पोरांनी माना वळवल्या आणि मग सगळी उठूनच आली.

"काय झालं, उस्ताद?"

"उस्ताद ऑइल मोजतायत," ती मोठ्यानं म्हणाली. "बघून घ्या. शिकून घ्या."

ऑइल खाली बसेपर्यंत सगळे तसेच उभे.  मग तिनं पट्टी सासऱ्यांच्या हातात दिली. "मोजा. तुम्हीच मोजा."

त्यांनी पुसली, घातली, उपसली. ऑइल बरोबर वरच्या खुणेला टेकलेलं. थेंब वर नाही, थेंब खाली नाही. त्यांनी ती पुन्हा पुसली आणि पुन्हा घातली. पुन्हा तेच.

"उस्ताद," एक पोरगा म्हणाला, "अंगणानं फसवलं की तुम्हाला!" बाकीचे हसले. वाईट नव्हते हसले. उस्तादांची गंमत करायला मिळाली, म्हणून हसले. पण हसले.

"आजपासून माझ्या गाडीला हात लावायचा नाही," ती म्हणाली. सगळ्यांदेखत. "बॉनेटला नाही, टायरला नाही. कशालाच नाही."

सासऱ्यांनी पट्टी जागेवर घातली. बॉनेट आदळलं नाही, दोन्ही हातांनी दाबून बंद केलं. मग ते फडकं नीट चौकोनी घडी घालून तिच्या हातात दिलं आणि आत गेले.

रात्री नवरा म्हणाला, "तुझं बरोबरच होतं."

"मग?"

"मग काही नाही." आणि भिंतीकडे तोंड वळवून, "सपाटावर आणून मोजा, असं सांगितलं असतं तरी मोजलं असतं गं त्यांनी."

"मला भाजलं, त्याचं काय?" ती म्हणाली. त्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं. 

सकाळी जाग आली ती आवाज न झाल्यामुळे. ती पडून राहिली. झाकण नाही, कडी नाही, चपला नाहीत. आपण वाट बघतोय हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. आता यावरही मीच वाईट वाटून घ्यायचं? चूक त्यांची, खोटेपणा त्यांचा, आणि घरात पाय न वाजवता मी चालायचं?

मुंगीला घेऊन ती बाहेर आली. सासरे पायरीवर बसले होते. अंघोळ झालेली, केस विंचरलेले, शर्टाच्या बाह्या रोजच्यासारख्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हात गुडघ्यांवर पालथे ठेवलेले. ते गाडीकडे बघत नव्हते. फाटकाकडे बघत होते. मुंगीच्या पेल्यात आज दूध कुणीच वाढवलं नव्हतं. पहिल्यांदाच तिनं ते न रडता संपवलं होतं.

तिनं गाडी सपाटावर घेतली, उतरली, बॉनेट उघडलं. फडकं काढलं. त्याला म्हाताऱ्याच्या हाताचा साबण आणि जुनं ऑइल, दोन्हींचा वास होता. तिनं पट्टी पुसली, घातली, उपसली. वरची खूण. बरोबर.

'दादा, जरा इकडे येऊन बघता का?' एवढं वाक्य जिभेवर आलं. तिनं पायरीकडे बघितलं. कालचा सगळा राग अजून जागच्या जागी होता, आणि खराच होता; तो गिळला जाईना. वाक्य तसंच राहिलं. तिनं बॉनेट लावलं.

मुंगी सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून बघत होती. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली तरी बघत होती.

"आई, गाडीचं पोट भरलंय ना?"

"हो, राणी. बरोबर भरलंय."

मुंगीनं त्याचा बराच विचार केला. मग मान वळवून आईकडे बघितलं.

"मग उद्या सकाळी आजोबांनी कशासाठी उठायचं?"